पायपेटीचा आजार आणि माझी नम्रता

पेटी ओरडली तेव्हा मी काहीही केलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. निदान माझं तसं ठाम मत होतं, आणि ते मत मी पुढचे सात दिवस तळहातावरच्या फोडासारखं जपलं.

आमच्या चर्चमध्ये एक जुनी पायपेटी आहे. पायांनी आळीपाळीनं भाता मारायचा, हातांनी पट्ट्या दाबायच्या आणि चेहरा मात्र असा ठेवायचा की यातलं काहीच आपण करत नाही, सूर थेट वरून उतरताहेत. हा चेहरा मला फार छान जमतो. गेली बावीस वर्षं पेटी मीच वाजवतो, कारण सुरुवातीला दुसऱ्या कुणाला येत नव्हती, आणि पुढे जे शिकायला आले त्यांना मी "आधी नुसतं बसून ऐका" असं सांगत गेलो. ते बसले, त्यांनी ऐकलं आणि ते उठून गेले.

त्या रविवारी पश्चात्तापाचं गीत चाललं होतं. सगळ्यांचे डोळे मिटलेले, आवाज खाली उतरलेले. एवढ्यात पेटी अशी काही ओरडली की पहिल्या बाकावरच्या आजींच्या हातातली पिशवी पडली आणि मागे रडणारं एक तान्हं बाळ दचकून गप्प झालं. मी हात उचलले. पेटी शांत. पुन्हा सुरू केलं, दोन ओळी सुरळीत गेल्या आणि तिसरीला पुन्हा तेच. गंमत म्हणजे जोरकस गाण्यांत ती अगदी शहाण्यासारखी वागली. जिथे हळू वाजायचं, नेमकी तिथेच तिला कंठ फुटायचा.

पाळकसाहेबांनी त्या दिवशी उपदेश केला तो सल्ला ऐकून घेण्याच्या नम्रतेवर. पाळकसाहेब वयानं लहान, पण बोलतात मोलाचं. मी सारखी मान डोलावत होतो आणि दर डोलावणीला चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचमंडळीच्या चिटणिसांकडे एक नजर टाकत होतो, कारण उपदेश त्यांच्यासाठीच होता याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. पुढे कळलं, तेही तेवढ्याच वेळा माझ्याकडे बघत होते.

उपासना संपल्यावर पाळकसाहेब जवळ आले. "काका, पुढच्या रविवारी थोरले पाळक यायचे आहेत. तोवर पेटीचं काहीतरी बघायला हवं."

थोरले पाळक म्हणजे आमचे जुने, निवृत्त पाळक. ते उपदेश गाऊन करायचे. शास्त्रातली गोष्ट सांगता सांगता कधी गाऊ लागायचे आणि गाता गाता कधी पुन्हा गोष्टीत शिरायचे, कळायचंच नाही. आपण हसलो कुठे आणि डोळे पुसले कुठे, याचाही पत्ता लागायचा नाही. देवाचं म्हणून जे काही माझ्या टाळक्यात शिरलं ते त्यांच्या गळ्यातून शिरलं. गद्यात सांगितलेलं माझ्या डोक्यात राहत नाही. आमची ही याला दुजोरा देईल.

गेल्या वर्षी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि गाणं बंद झालं. आता डॉक्टरांनी एकदाच, वीस मिनिटांपुरती परवानगी दिली होती. पुन्हा मिळेल असं कुणीच बोललं नव्हतं. त्या रविवारी संध्याकाळी त्यांचा मला फोन आला. आवाज इतका बारीक, की मी घरातला पंखा बंद केला.

"बाळ, आवाज आता दोऱ्याएवढा उरलाय. पेटी हळू धर हं. तिच्या पाठीवर बसूनच येणार मी."

मी सत्तावन्न वर्षांचा आहे. ऑफिसात आवक-जावक विभागाचा प्रमुख आहे. मला 'बाळ' म्हणणारं जगात आता हे एकच माणूस. मी म्हटलं, "काळजी करू नका, पेटी अगदी कुजबुजेल." आणि फोन ठेवल्यावर पंखा लावायचंही विसरलो.

"चारचौघांना विचारा," पाळकसाहेब जाता जाता म्हणाले होते. मी ठरवलं, हा आठवडा नम्रतेचा. जो जे सांगेल ते ऐकायचं. सल्लागार पुष्कळ असले म्हणजे बेत तडीस जातात, हे तर शास्त्रातच आहे. शेजारचे मास्तर आमच्या भिंतीपलीकडून सगळं ऐकतात, त्यांना मी जिन्यातच गाठून म्हणालो, "मास्तर, मी अज्ञानी माणूस. मला मार्गदर्शन करा." असं बोलताना छातीत एक सुखद ऊब पसरली. आपण इतके नम्र आहोत हे मला आजवर ठाऊकच नव्हतं.

मास्तरांनी चाळीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. "यात तुमची काहीच चूक नाही," त्यांनी सुरुवात केली, आणि त्यांच्या विद्वत्तेबद्दल माझी खात्रीच पटली. "लाकूड ओल धरतं. ओल धरली की फुगतं. फुगलं की आवाज कोंडतो आणि कोंडलेलं कधीतरी बाहेर पडणारच. माणसाचंही असंच असतं."

"मग करायचं काय?"

"उघडून बघा."

पेटी उघडायची तर पंचमंडळीची परवानगी लागते. मी सोमवारी रीतसर अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, महोदय, सगळं जागच्या जागी. अर्ज कसा असावा हे मला कुणी शिकवायला नको. तीस वर्षं मी लोकांचे अर्ज 'त्रुटी आहेत' असा शेरा मारून परत करत आलो आहे.

चिटणीस माझ्या अर्जावर 'त्रुटी आहेत' असा शेरा मारून मंगळवारी सकाळी घरी आले.

"कसली त्रुटी?" मी विचारलं. आवाज थोडा चढला असेल.

"आपल्या चर्चकडे पेटी नाही."

"म्हणजे?"

त्यांनी काखेतून सामानाची नोंदवही काढली आणि बोट ठेवलं. "बघा. बाक चोवीस. घंटा एक. भिंतीवरचं घड्याळ एक, बंद. लाकडी कपाट, पायांचं, एक. पेटी कुठंय?"

"हे कपाट म्हणजेच पेटी! कुणीतरी पूर्वी चुकीचं लिहिलंय."

"असेल. पण जी वस्तू नोंदीत नाही तिच्या दुरुस्तीला मी मंजुरी कशी देऊ? नोंद बदलायची तर वार्षिक सभा. ती झाली गेल्याच महिन्यात." मग माझा चेहरा बघून त्यांचं मन द्रवलं. "एक सल्ला देऊ? कपाटाची दुरुस्ती म्हणून अर्ज करा. आत्ता सही करतो. तुमचा तरी काय दोष यात?"

माझा दोष नाही म्हणाले. माणूस वाटतो तितका वाईट नव्हता. मी 'पेटी' खोडून 'कपाट' लिहिलं, त्यांनी सही केली, आणि नियमाप्रमाणे कपाटाचं काम पंचमंडळीच्या ठरलेल्या सुताराकडे गेलं.

सुतार कामाचा पक्का. हातात कागद पडला की कागदावर असेल तेच करणार. संध्याकाळी ऑफिसातून चर्चमध्ये पोचलो तर पेटीला दोन्ही बाजूंनी पितळी मुठी बसवलेल्या, झाकणाला कडीकोयंडा लावलेला आणि तो स्टुलापाशी गुडघे टेकून घाम पुसत बसलेला.

"हे काय केलंत?"

"कपाट दुरुस्त. दारं नाहीत म्हणून मुठीच लावल्या. आणि हे स्टूल डुगडुगत होतं, ते जमिनीला चार स्क्रूंनी पक्कं केलं. आता भूकंप आला तरी हलणार नाही."

"पण आतलं काही बघितलंत का?"

"आत बघितलं. कप्पा एकही नाही. कपडे कुठे ठेवता हो तुम्ही?"

मी पेटी वाजवून बघितली. हळू लावली आणि दुसऱ्याच मिनिटाला ती ओरडली. सुतार उठून माझ्याकडे असा बघू लागला, जणू त्याच्या कपाटाला मीच काहीतरी केलं होतं.

बुधवारी मेहुण्याला बोलावलं. मेहुणा फ्रिज दुरुस्त करतो. त्याच्या मते जगातल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ एकच, गळती. मागे माझ्या पाठीत उसण भरली तेव्हाही तो आधी गळतीच शोधत होता.

"भावोजी, भात्याला भोक आहे. तुम्ही बिचारे काय करणार?" असं म्हणून त्यानं बादलीभर साबणाचं पाणी केलं आणि भात्यावर फडक्यानं फासलं. "आता मारा भाता. जिथं बुडबुडा येईल तिथं गळती."

मी भाता मारला. बुडबुडा एकही आला नाही. पाणी मात्र भात्यानं सगळं आत ओढलं, कारण ही पेटी हवा बाहेर फेकत नाही, आत खेचते. हे मला माहीत होतं. पण नम्र माणूस सल्लागाराला मध्येच अडवत नाही, म्हणून मी गप्प बसलो होतो.

"गळती नाही," मेहुणा फडकं पिळत म्हणाला. "ही चांगलीच बातमी आहे." मग त्यानं स्वतः बसून दोन सूर वाजवून पाहिले. पेटी गुळगुळ करत, पण अगदी हळू वाजली. मी बसलो आणि तिनं पुन्हा हंबरडा फोडला.

घरी हिनं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे दुसऱ्या कुणी वाजवली की ती ओरडत नाही?"

"नाही. वाद्य ओळखीच्या माणसापाशीच मन मोकळं करतं."

"अहो, शिंपीभावजींना विचारलंत का?"

पेपर वाचत बसलो. पेपर कालचा होता.

या शिंप्याबद्दल सांगायला हवं. तो आमच्या गायनमंडळात खालच्या पट्टीत गातो, पेटीपासून तीन हातांवर उभा असतो. माणूस प्रामाणिक, कष्टाळू, देवभीरू. पण त्याच्या जिभेला अस्तर नाही. महिन्यापूर्वी मी पॅंटचं माप द्यायला गेलो तर भरल्या दुकानात टेप माझ्याभोवती फिरवत म्हणाला, "एक टेप पुरेना रे तुला आता." चार गिऱ्हाइकं हसली. त्या दिवसापासून मी त्याच्याशी फक्त प्रभूच्या नावानं, म्हणजे रविवारी आणि तेही नाइलाजानं बोलत होतो. नम्रता झाली तरी तिला काही मर्यादा आहेतच ना.

गुरुवारी मास्तर पुन्हा अवतरले. भात्यात पाणी गेलंय हे ऐकून त्यांना मनापासून आनंद झाला. "मी म्हटलं नव्हतं, ओल आहे!" त्यांनी शंभरचा बल्ब आणला, तो पेटीच्या पोटात लोंबकळत सोडला आणि मी ऑफिसातून येईपर्यंत दिवसभर जळत ठेवला. ओल गेली. तिच्याबरोबर लाकडातला जो काय जीव होता तोही गेला. पट्ट्या सुकून इतक्या सैल झाल्या की दाबल्यावर थंडीनं दात वाजावेत तशा कडकडू लागल्या.

मास्तरांनी तिथेच पुढचा सल्ला दिला. "टाल्कम पावडर. घर्षण कमी होतं. भरपूर टाका, हात आखडू नका."

पावडर घेऊन परतताना शिंप्याच्या दुकानावरून जावं लागलं. मी मान वळवून चाललो होतो, तर आतून हाक आली, "ए, इकडे ये! पॅंट कधीची तयार आहे, ती न्यायला कुणी मुहूर्त काढायचा?"

गेलो. त्यानं घालून बघायला लावली. पॅंट घट्ट होत होती, पण ते बोलायचं म्हणजे त्याच्याच हातात कोलीत देणं. शिंप्यानं चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्या उजव्या गुडघ्याकडे रोखून बघितलं.

"आत काय घातलंयस?"

"पट्टा आहे. गुडघ्याचा. डॉक्टरांनी दिलाय, आठवडा झाला."

त्यानं पॅंटवरूनच तो दाबून बघितला. "चांगला बोटभर जाड आहे की. मग रडतोस कशाला गावभर पेटीच्या नावानं? पेटीला काही झालेलं नाही."

"म्हणजे?"

"पेटीला खाली दांडी आहे ना, उजव्या गुडघ्याशी? बाहेर ढकलली की आवाज मोठा होतो, ती? हळू गाणं लांबतं, तुझा गुडघा दुखतो, तू पाय फाकवतोस, आणि पट्टा दांडीवर. मी तीन हातांवरून बघतोय. पट्टा काढ, नाहीतर स्टूल मागे घे, नाहीतर ऊठ तिथून."

आता वाचकहो, यात तीन सल्ले होते. मी नीट मोजले, पण ते नंतर, रविवारी. त्या क्षणी मला फक्त शेवटचा ऐकू आला. ऊठ तिथून! बावीस वर्षांच्या सेवेला! माझ्या डोळ्यांपुढे सगळा कट स्वच्छ उभा राहिला. आज हा म्हणतो ऊठ, उद्या म्हणेल नवा माणूस बसवा. ती दांडी मला माहीत नव्हती असं कसं म्हणू? बावीस वर्षं तिच्या शेजारी माझा गुडघा नांदतोय. पण पेटीवरचा चेहरा एकदा चढवला की खाली आपल्याला पाय आहेत हेच माणूस विसरतो.

"सल्ल्याबद्दल आभारी आहे," मी म्हणालो. ऑफिसात अर्ज फेटाळताना मी हेच शब्द वापरतो.

"आभार मानू नकोस. पाय आवर," तो म्हणाला आणि मशीन चालू केलं.

शुक्रवारी पावडरचा अख्खा डबा पेटीत रिकामा केला. शनिवारी संध्याकाळी गायनमंडळाची तालीम. मी भाता मारला, आणि पेटीतून गुलाबाच्या वासाचा एक पांढरा ढग उठला आणि वरच्या पट्टीत गाणाऱ्या बायकांवर जाऊन उतरला. दोघी शिंकल्या. तिसरी म्हणाली, "वा काका, बाळाला आंघोळ घातल्यासारखं वाटतंय." शिंप्यानं फक्त माझ्या गुडघ्याकडे बघितलं आणि मग छताकडे. ते मला शब्दांपेक्षा जास्त झोंबलं.

तालमीत वेळ थोडा होता, जोरकस गाणी तेवढी झाली. पेटी एकदाही वावगी वाजली नाही. घरी येऊन मी हिला सांगितलं, "बघ. नम्रतेनं चारचौघांचं ऐकलं की देव मार्ग दाखवतो."

"चौघांचं ऐकलंत," ती म्हणाली. "पाचव्याचं राहिलं." आणि नवी पॅंट इस्त्री करून खुंटीला लावली.

रविवारी चर्च भरून गेलं. जे एरवी नाताळाशिवाय फिरकत नाहीत तेही आले. थोरले पाळक काठी टेकत आले, पेटीपाशी थांबले, मुठींवरून हात फिरवला. "हे काय नवीन?"

"कपाट," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

ते हसले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढे गेले. तो हात पूर्वी जड असायचा.

त्यांनी गोष्ट घेतली हरवलेल्या कोकराची. मेंढपाळ दरीच्या तोंडाशी उभा आहे, अंधारून येतंय. मोठ्यानं हाक मारली तर कोकरू बिचकून आणखी खाली जाईल, म्हणून तो हळू हाक मारतो. इथे त्यांनी डोळे मिटले आणि सूर लावला. खरंच, दोऱ्याएवढाच होता. पण होता तोच. मी हळू, अगदी हळू पेटी धरली.

दुसऱ्या ओळीला पेटीनं अशी डरकाळी फोडली की कोकरू असतं तर ते पुन्हा हरवलं असतं.

चर्च दचकलं. थोरले पाळक थांबले. मग म्हणाले, "मेंढपाळाच्या आधी लांडगा पोचला वाटतं." सगळे हसले, तेही हसले, आणि हसण्यानं त्यांना ठसका लागला. तो बराच वेळ थांबेना. कुणीतरी पाणी दिलं. पुन्हा सूर लावला तेव्हा आवाज आणखी बारीक झाला होता.

पेटी पुन्हा ओरडली. या खेपेला कुणी हसलं नाही. मागच्या बाकांवरून एक हलकी कुजबुज सुरू झाली. थोरले पाळक ओठ हलवत होते आणि तिसऱ्या रांगेच्या पलीकडे शब्द पोचत नव्हता. डॉक्टरांच्या वीस मिनिटांतली नऊ माझ्या पेटीनं खाल्ली होती.

मी डोळे मिटून प्रार्थना केली. प्रभो, काहीतरी मार्ग दाखव. डोळे उघडले तर समोर शिंपी. मी पुन्हा मिटले आणि दुसरं काही उत्तर मिळतंय का बघितलं. उघडले. शिंपीच.

तो माझ्याकडे बघत नव्हता. थोरल्या पाळकांकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पाणी बघितलं आणि आठवडाभर जे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं ते एकदम शिरलं. मी सल्ले गोळा करत नव्हतो, दाखले गोळा करत होतो. 'तुमची काही चूक नाही' असा दाखला जो आधी देईल त्याचाच सल्ला माझ्या दृष्टीनं शहाणा. ज्यानं दाखला दिला नाही, त्याचं ऐकायला मला कान नव्हते.

मी उठलो. पेटी सोडून, सगळ्या चर्चदेखत, ते तीन हात चालत गेलो. फार लांब होते.

"तू ते म्हणाला होतास," मी हळूच म्हणालो. "गुडघ्याचं."

"हं."

"काय करू?"

"पट्टा काढ."

"निघत नाही. पॅंट वर सरकत नाही, फार घट्ट आहे."

"स्टूल मागे घे."

"स्क्रू मारलेत. चार."

त्यानं माझ्याकडे बघितलं. आता त्याच्याजवळ बोलण्यासारखं इतकं होतं की चार रविवार पुरलं असतं, आणि बोलायचा त्याला पूर्ण हक्क होता. मी वाट बघत उभा राहिलो.

"चल," तो म्हणाला.

तो माझ्याबरोबर आला आणि रविवारच्या कपड्यांनिशी पेटीपाशी जमिनीवर बसला. पाठ पेटीच्या कडेला टेकवली, हात आत घातला आणि तळवा दांडी आणि माझा गुडघा यांच्या मधे धरला. फटीफटीतून पांढरी पावडर उडाली आणि त्याच्या काळ्या कोटावर बसली. साठीच्या घरातला माणूस, गुडघे पोटाशी घेऊन, माझा पाय सांभाळत. सगळं चर्च बघत होतं. माझे कान तापले होते, आणि माझ्या चेहऱ्यावरचा तो पेटीवरचा चेहरा कुठे गेला होता देव जाणे.

थोरल्या पाळकांनी मान हलवली. मी पेटी धरली. गुडघा दुखला, पाय बाहेर सरकू लागला, आणि एका घट्टे पडलेल्या हातानं तो शांतपणे परत आत लोटला. पेटी कुजबुजली.

मेंढपाळानं हाक मारली. या वेळी ती मागच्या भिंतीपर्यंत गेली.

एक कडवं झालं. दुसरं सुरू झालं. मध्येच मला जाणवलं की ओळीच्या शेवटी त्यांचा आवाज तुटतोय. शेवटचा शब्द पोचायच्या आतच श्वास संपतोय. मी घाबरलो आणि लवकर पुढच्या ओळीवर गेलो. पुन्हा तुटला.

"पळतोयस," खालून आवाज आला.

"काय?"

"फार पळतोयस. त्यांना श्वास घ्यायला जागा कुठे ठेवतोस?"

बावीस वर्षांत माझ्या लयीला कुणी बोट लावलं नव्हतं. उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. चांगलं धारदार होतं, अगदी त्याच्याच पठडीतलं.

मी खाली वाकलो. "किती हळू?"

त्यानं माझ्या गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला. एक, आणि मग कितीतरी वेळानं दुसरा. मला वाटलं, इतक्या हळू तर गाणं मरेल. तरीही मी त्या बोटांवर वाजवू लागलो. थोरल्या पाळकांनी ओळीच्या शेवटी पूर्ण श्वास घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि कोकरू सापडेपर्यंत गात राहिले.